वाशीहून चिरनेरला, शिरढोणला

चिरनेरला जायचे तर २५ सप्टेंबरला जावे. उरण तालुक्यातले हे गाव त्या दिवशी आपल्या हुतात्म्यांची आठवण करते. आजूबाजूच्या गावांतली माणसे येतात आणि पोलिसांची तुकडी स्मारकापुढे मानवंदना देते. १९३० साली याच तारखेला, याच गावात पोलिसांच्या गोळ्यांनी सत्याग्रही पडले होते. हे ठाऊक असेल, तर ती मानवंदना बघताना घसा दाटून येतो.

वाशीत राहणाऱ्यांची सुट्टी बहुतेक लोणावळ्याला किंवा अलिबागच्या किनाऱ्याला जाते. मुलांना काही ‘ऐतिहासिक’ दाखवायचे म्हटले, की खाडीपूल ओलांडून मुंबईचे मोठे वस्तुसंग्रहालय गाठायचे. ते जरूर पाहावे. पण तिथली प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून उचलून आणलेली असते. रायगड जिल्ह्यातल्या या लहान स्मारकांत पाहण्याजोग्या वस्तू कमी, पण जागा तीच. डोंगर तोच, वाट तीच, आणि अनेकदा घराणीही तीच.

चिरनेरचे ‘का’ समजले तर तिथला डोंगर बोलू लागतो. १९३० चा मिठाचा सत्याग्रह उन्हाळ्यात पेटला, पण पावसाळ्यात मीठ पिकत नाही. जून लागला की मिठागरांत पाणी भरते. चळवळ थंडावू नये म्हणून महाराष्ट्रात दुसरा कायदा मोडायचा ठरला, तो जंगलचा. राखीव रानातले गवत, लाकूडफाटा, गुरांची चराई, सगळ्यावर सरकारी बंधने होती. शहरातल्या माणसाला हा कायद्याचा प्रश्न वाटेल, पण चिरनेरच्या माणसाला तो रोजच्या चुलीचा प्रश्न होता. म्हणून लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. गोळीबार झाला. त्या धुमश्चक्रीत बंदोबस्ताला आलेल्या मामलेदारांचाही जीव गेला.

हुतात्म्यांची नावे घाई न करता वाचावीत. धाकू गवत्या फोफेरकर, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे, परशुराम रामा पाटील, नाग्या महादू कातकरी. नुसत्या आडनावांवरून कळते, की हा लढा कुणा एका जातीचा नव्हता. आगरी होते, कोळी होते, रानावर पोट असलेला कातकरीही होता. शाळेच्या पुस्तकात ही माणसे ‘जमाव’ या एका शब्दात संपतात. इथे ती बापाच्या नावासकट उभी आहेत. नाग्या कातकऱ्याच्या नावापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. ज्यांच्या नावाने जमिनीचा तुकडा नाही, त्यांच्यातल्या एकाने रानासाठी छातीवर गोळी घ्यावी, याची नोंद दगडावर असणे मला फार मोलाचे वाटते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, राज्यात गावोगावी अशी हुतात्मा स्मारके बांधली गेली. कल्पना थोर होती. पण बांधलेली वास्तू आपोआप बोलत नाही. फलकावर चार ओळी असतात, कधी तेवढ्याही नाहीत. त्यामुळे जाण्याआधी घरी तासभर वाचावे आणि तिथे पोहोचल्यावर विचारावे. दाराला कुलूप दिसले तर परत फिरू नये. ग्रामपंचायतीत, देवळाच्या पारावर, नाहीतर समोरच्या दुकानात “काका, चावी कुणाकडे असते?” एवढे म्हटले की काम होते. चावी घेऊन येणारा माणूस अनेकदा फलकापेक्षा जास्त जाणतो. त्याला वेळ द्यावा.

शिरढोण तर वाटेवरच आहे. पनवेलहून पळस्पे फाटा सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात हे गाव येते. पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसतो. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म शिरढोणचा, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते, म्हणून फडक्यांचा वाडा आणि किल्ला एकाच दिवशी पाहावेत. किल्लेदाराचा नातू पुण्यात इंग्रजांच्या लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करतो आणि १८७९ मध्ये रामोशी, कोळी यांना जमवून त्याच सरकारवर उठतो. वाडा ते किल्ला एवढ्या टप्प्यात ही उलथापालथ डोळ्यांना दिसते. शेवट मात्र इथून फार दूर झाला. एडनच्या तुरुंगातून दाराच्या बिजागऱ्या उखडून ते निसटले, पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले.

अलिबागला गेलात तर किनाऱ्याजवळच्या चुंबकीय वेधशाळेची गोष्ट मुलांना सांगा. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आली. लोखंडाचा अडथळा नको, म्हणून इमारतही चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याची बांधली.

आणि जासई. वाशीकराने तर हे टाळूच नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना या लढ्यातूनच पुढे आली. घणसोली-कोपरखैरण्यात घर शोधताना दलाल सहज म्हणतो, “हा साडेबारा टक्क्यातला प्लॉट आहे.” तो आकडा जासईहून आलेला आहे.