व्हिडिओचा बिटरेट किती ठेवायचा?

जागा वाचवायला मी एकदा साडीचा व्हिडिओ 1 एमबीपीएसवर काढला. जरीचे नुसते ठिपके दिसले, गिऱ्हाईक गेलं!

बिटरेट म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा. हिशोब सोपा आहे: 8 एमबीपीएस म्हणजे मिनिटाला 60 एमबी.

यूट्यूबसाठी 1080पी, 30 फ्रेम असेल तर 8 एमबीपीएस ठेवा. यूट्यूबही तेवढाच सांगतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाला 720पी पाठवायचा तर साधारण 2.5 पुरे. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अ‍ॅप तो पुन्हा कॉम्प्रेस करतं. नुसतं बोलणं असेल तर मोनो 64 केबीपीएस चालतं, संगीताला 192 द्या.

आणि मूळ फाइल जपून ठेवा. एकदा गेलेली क्वालिटी नंतर बिटरेट वाढवून परत येत नाही.