मधुमेह आणि माजी सैनिकांची डिसॅबिलिटी पेन्शन : कोणते कागद लागतात, अर्ज कुठे करायचा?

"डॉक्टर, मेडिकल बोर्डासमोर जायचे आहे. आठ दिवस गोळ्या बंद ठेवू का? शुगर वाढलेली दिसेल."

तुम्ही जामनेर परिसरातील माजी सैनिक असाल, तर हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. तो ऐकू नका. एका दिवसाच्या वाढलेल्या शुगरने दावा बळकट होत नाही. इन्सुलिन अचानक बंद केल्यास मात्र दोन-तीन दिवसांत आयसीयूमध्ये जाण्याची वेळ येऊ शकते. तुमचा दावा ठरतो तो नोकरीतल्या वैद्यकीय नोंदींवर.

पेन्शन केव्हा मिळते?

दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, आजार लष्करी सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला का. दुसरी, अपंगत्व किमान २० टक्के आहे का. निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड या दोन्हींवर आपले मत लिहितो.

रक्कम किती, हे एका उदाहरणाने पाहू. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. शेवटचा पगार ४०,००० रुपये आणि अपंगत्व २० टक्के असेल, तर महिन्याला २,४०० रुपये होतात. मात्र २० ते ४९ टक्के अपंगत्व ५० टक्के धरण्याची तरतूद आहे. वय किंवा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तिचा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात मान्य केले. त्या हिशेबाने हीच रक्कम ६,००० रुपये होते. महागाई भत्ता वेगळा.

'जीवनशैलीचा आजार' असा शेरा असेल तर?

मधुमेहाचे बरेच दावे याच शेऱ्यावर नाकारले जातात. वैद्यकीयदृष्ट्या पाहिले तर टाइप २ मधुमेहात आनुवंशिकता, वय आणि वजन यांचा वाटा असतोच. पण सततचा ताण, अपुरी झोप, रात्रीची ड्युटी आणि अवेळी जेवण यांमुळेही शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी होतो. म्हणून कारण न देता नुसता 'जीवनशैली' हा शब्द लिहिणे पुरेसे नाही.

२ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मांडले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि तो नोकरीत उद्भवला असेल, तर तो सेवेशी संबंधित असल्याचे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे कारणांसह दाखवण्याची जबाबदारी लष्कराची असते. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेह असलेल्या एका माजी सुभेदाराच्या बाजूने निकाल देताना हेच तत्त्व लावले.

याचा अर्थ प्रत्येकाला पेन्शन मिळेलच असा नाही. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. तुमची निवृत्ती त्यानंतरची असेल, तर आधी त्या नियमांबाबत सल्ला घ्या.

मधुमेह निवृत्तीनंतर कळला तर?

अशा वेळी दावा अवघड होतो, पण दार पूर्ण बंद नसते. निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत आजार दिसला आणि त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीमुळे झाली हे वैद्यकीय पुराव्याने दाखवता आले, तर जुन्या नियमांनुसार तो विचारात घेता येतो. म्हणून पहिला रिपोर्ट कोणत्या तारखेचा आहे, हे महत्त्वाचे ठरते.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा

• डिस्चार्ज बुक आणि पीपीओ
• रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत
• लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप आणि मेडिकल कॅटेगरी बदलल्याची नोंद
• कुठे-कुठे पोस्टिंग झाले, त्याची तारखांसह यादी
• दावा नाकारल्याचे पत्र, असल्यास

बोर्डाची प्रत जवळ नसेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला आणि महार रेजिमेंटचे सागरला आहे.

अर्ज कुठे करायचा?

सुरुवात जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करा. अर्ज कसा लिहायचा, कोणाकडे पाठवायचा, हे तिथे समजेल. दावा नाकारला गेला असेल तर आधी पहिले अपील आणि मग दुसरे अपील करता येते. नकाराच्या पत्रात अपिलाची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. तिथेही दाद मिळाली नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. उशीर जितका जास्त, तितकी मागील थकबाकी बुडण्याची शक्यता जास्त.

तुमच्या डॉक्टरांकडून काय घ्यावे?

अपंगत्वाची टक्केवारी लष्करी बोर्डच ठरवतो, खासगी डॉक्टरांच्या दाखल्याने ती बदलत नाही. पण आजार केव्हापासून आहे, कोणती औषधे चालू आहेत, एचबीए१सी किती आहे आणि डोळ्यांचा पडदा, किडनी व पायांच्या नसा यांवर काय परिणाम झाला आहे, हे डॉक्टर लिहून देऊ शकतात. निवृत्तीनंतर आजार वाढला असेल, तर फेरतपासणीच्या अर्जाला हाच तपशील जोडता येतो.

या तपासण्या दाव्यासाठी नसल्या तरी वर्षातून एकदा कराव्याच लागतात. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन पाहा. कपाशीच्या वावरात अनवाणी जाऊ नका आणि रोज रात्री तळपाय पाहा. बधिर पायाला काटा टोचला तरी कळत नाही.

आणि घरच्यांसाठी एक सूचना : फाइल कुठे ठेवली आहे, हे पत्नीला किंवा मुलांना माहीत असू द्या. निकाल लागायला वर्षे जाऊ शकतात. तोपर्यंत कागद सांभाळा आणि गोळ्या वेळेवर घ्या.