मीटरवरचा गंधार, तंबोऱ्यातला गंधार

गाणं शिकणाऱ्या मुलांच्या हाती आता मोबाइलवरचं सूर मोजणारं ॲपही असतं. काटा मधोमध आला की सूर बरोबर, सरकला की बेसूर, असा निकाल त्यावरून सर्रास लावला जातो. हा निकाल मला मान्य नाही. यंत्र मोजतं ती कंपनं. आपण ऐकतो तो स्वर मात्र कान त्या कंपनांवरून घडवतो आणि तो घडवताना सोबत काय वाजतंय तेही जमेस धरतो.

ऑपेराच्या गायकीतला व्हायब्रेटो पाहा. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर यांनी १९३०च्या सुमारास नामवंत गायकांचे आवाज मोजले. लांब धरलेला स्वर सेकंदाला साधारण सहा-सात वेळा वरखाली होत होता आणि ही हालचाल जवळजवळ अर्ध्या स्वराएवढी होती. म्हणजे गायक २७५ हर्ट्झचा स्वर लावत असेल, तर त्याचा गळा २६७ ते २८३च्या दरम्यान फिरत असतो. श्रोत्याला मात्र एकच स्वर ऐकू येतो, तोही त्या फिरण्याच्या मध्याजवळचा. वेग सेकंदाला पाचाच्या खाली गेला, की हे जुळणं सुटत जातं आणि आवाज हलतोय हे उघड कळतं. दरबारीच्या कोमल गंधारावरचं आंदोलन मुद्दाम संथ ठेवतात, कारण तिथे ती हालचालच ऐकवायची असते.

मग व्हायब्रेटो ही चूक झाकण्याची युक्ती म्हणायची का? काही अंशी हो. दोन सरळ स्वर किंचित वेगळे असले की त्यांच्या एकत्र नादात लाट उठते, आवाज ठरावीक गतीने लहानमोठा होतो. एक स्वर सतत हलता असेल तर ही लाट नीट जमत नाही आणि थोडा फरक खपून जातो. ख्यालगायकीने ही सवलत घेतलेली नाही. तिथे स्वर खडा लावायचा असतो आणि तोही अखंड वाजणाऱ्या तंबोऱ्यासमोर, जिथे फरक लपत नाही.

खरजाची तार ११० हर्ट्झवर लावली आहे असं समजू. जवारी नीट असेल तर तिच्यातून पाचपट कंपनांचा, ५५० हर्ट्झचा, उपस्वरही ठळक ऐकू येतो. यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. गायकाने २७५चा गंधार लावला, की त्याच्या आवाजातला दुप्पट कंपनांचा उपस्वर थेट या ५५०वर बसतो आणि नाद भरून येतो. ॲपचा गंधार मात्र पियानोच्या समान अंतरांवर बेतलेला, म्हणजे सुमारे २७७.२. त्याची दुप्पट ५५४.४, त्यामुळे सेकंदाला चारहून अधिक लाटा उठतात. गंमत अशी, की तंबोऱ्याशी एकजीव झालेल्या गंधाराला ॲप चौदा सेंट उतरलेला म्हणतं, आणि मूल तो चढवू लागतं.

यावर कुणी विचारेल, पियानोच्याच पट्टीवर बांधलेली हार्मोनियम मैफलीत कशी चालते? जलद तानेत स्वर इतका थोडा वेळ टिकतो की लाट पुरी होतच नाही, आणि ठेहरावाच्या जागी जाणता वादक भाता आवरता घेतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कानावर सोडलं तर प्रत्येक जण आपलाच सूर खरा म्हणेल. पण तंबोरा कुणाचीही भीड धरत नाही, लाट उठली की ती सगळ्यांनाच ऐकू येते. अर्थात २७५ हा आकडाही पोथीसारखा धरून चालणार नाही. नाझिर जैराझभॉय आणि त्यांचे सहकारी स्टोन यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत कलाकारांचे स्वर एकाच ठरीव जागी बसलेले आढळले नाहीत. राग, स्वराकडे येण्याची वाट, त्यावरचा मुक्काम, यांनी जागा थोडी बदलते.

ॲपवर षड्ज पाहून तंबोरा जरूर लावावा. पुढचा गंधार मात्र मोबाइल बाजूला ठेवून, मुलाच्या कानालाच शोधू द्यावा.