खिशातला रस्ते-निरीक्षक

रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार करायला काय लागतं? वेळ, चिकाटी आणि एकही शिवी न घालता अर्ज लिहिण्याचा संयम. अमेरिकेतल्या बॉस्टन शहराने तिन्हींना फाटा दिला. नागरिकांनी नुसती गाडी चालवायची, तक्रार फोनच करणार! २०१२ साली आलेल्या या ॲपचं नाव 'स्ट्रीट बम्प'.

पण फोनला खड्डा कळतो कसा? त्याच्या पोटात ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा इवलासा तुकडा, केसाहून बारीक स्प्रिंगांवर अधांतरी ठेवलेला. एसटीत उभ्या असलेल्या प्रवाशासारखी त्याची गत: गाडी आदळली की हा डोलणार. डोलला की शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, विजेच्या मापात किंचित फरक पडतो आणि चिप तो टिपते. फोन आडवा केल्यावर चित्र वळतं ना? तेही याच्याच जिवावर. गचका कुठे बसला ते जीपीएस सांगतो, आणि नोंद थेट महापालिकेकडे.

आता गचका म्हणजे खड्डाच, हे कशावरून? गतिरोधक असेल, रेल्वेचे रूळ असतील, फोनच सीटवरून पडला असेल. सुरुवातीला ॲप इथेच फसायचं. मग २५ हजार डॉलरची बक्षिसं जाहीर झाली, आणि जिंकणाऱ्यांत मिशिगनमधले गणिताचे एक प्राध्यापक निघाले! रस्त्याची दुखणी शेवटी आकड्यांच्या चढउतारांत ओळखायची होती. त्यात वेगवेगळ्या गाड्या एकाच जागी आदळल्या, की संशय पक्का.

एक गोम होतीच. स्मार्टफोन तेव्हा जास्त करून तरुणांकडे आणि खिसा गरम असलेल्यांकडे. म्हणजे गरीब वस्तीतले खड्डे नकाशावर उमटणारच नाहीत! म्हणून पालिकेने ॲप आधी स्वतःच्या रस्ते-निरीक्षकांना दिलं. त्यांना सगळ्याच वस्त्यांत फिरावं लागतं. हा शहाणपणा मला त्या चिपइतकाच थोर वाटतो.

खरी गंमत मात्र नोंदी जमल्यावर झाली. कितीतरी गचके खड्ड्यांचे नव्हतेच! ते होते रस्त्याच्या पातळीशी न जुळणाऱ्या चेंबरच्या झाकणांचे. त्यांतली बरीच झाकणं पालिकेची नव्हे, तर रस्त्याखालून वाहिन्या नेणाऱ्या कंपन्यांची. इतकी वर्षं सगळे खड्ड्यांच्या नावाने बोटं मोडत होते. माणसांना विचारलं असतं, तर प्रत्येकाने 'खड्डा' असंच लिहून दिलं असतं.