मूर्ती तीच, अलंकार वेगळा

फर्स्ट इयरला कुणी "वेबसाइट करता येते का?" असं विचारलं की मी बेधडक "हो" म्हणायचे. त्याच जोरावर काकांची जुनी सीडी दुरुस्त करायला घेतली. काकांनी २००४ साली आपल्या जिल्ह्यातल्या तेरवर, म्हणजे प्राचीन तगर नगरावर, १८ पानांची वेबसाइट केली होती. लामतुरे संग्रहालयातल्या वस्तूंपासून संत गोरोबाकाकांपर्यंत सगळं त्यात होतं म्हणे. सीडी उघडली, तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं! मी पडले कॉन्व्हेंटची. आधी वाटलं, आपलंच मराठी कच्चं. पण काकाच म्हणाले, "अगं, लिहिलंय मी, आणि मलाच वाचता येईना!"

हा घोटाळा कळायला थोडी थिअरी लागते. (घाबरू नका, परीक्षेला नाही.)

वेबपेजमध्ये दोन कामं असतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, असं मजकूर 'काय आहे' ते एचटीएमएल सांगतं. याला म्हणतात मार्कअप. तो मजकूर 'दिसावा कसा', म्हणजे रंग, अक्षराचा आकार, समास, हे सीएसएस म्हणजे स्टाइल शीट सांगते. तुळजापूरला नवरात्रात देवीची अलंकार महापूजा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एक दिवस रथ अलंकार, एक दिवस मुरली, एक दिवस शेषशाही. मूर्ती तीच, अलंकार वेगळा. मार्कअप आणि स्टाइल शीटचं नातं तसंच आहे.

सुरुवातीला वेबवर ही सोय नव्हती. होकून ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. तोपर्यंत लोकांना फॉन्ट टॅगची सवय लागली होती. १९९७ च्या एचटीएमएल ४ ने हा टॅग टाळा असं सांगितलं, पण सवय सुटते थोडीच! काकांनीही प्रत्येक परिच्छेदाला फॉन्ट टॅग लावला होता. शीर्षकांचा रंग बदलायचा तर १८ पानं उघडा आणि प्रत्येक ठिकाणी बदला. स्टाइल शीट असती तर एक ओळ बदलून काम झालं असतं.

पण आपल्या मराठीचं नुकसान याहून मोठं झालं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी ती घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोचायला बरीच वर्षं गेली. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. म्हणजे फाइलमध्ये असायची इंग्रजी अक्षरं, आणि त्यांना मराठीचं रूप द्यायचा तो फॉन्ट. फॉन्ट गेला की मराठी गेली. थोडक्यात, अलंकार होता, आत मूर्तीच नव्हती!

गंमत म्हणजे शेवटी तोच फॉन्ट टॅग कामाला आला. त्यात फॉन्टचं नाव होतं. त्यावरून कन्व्हर्टर शोधला आणि मजकूर युनिकोडमध्ये आणला. जोडाक्षरं मोडली होती, ती काका आणि मी दोन रविवार बसून नीट केली. मग साधं स्वच्छ मार्कअप लिहिलं आणि सगळ्या पानांना मिळून एकच स्टाइल शीट जोडली. मार्कअपमध्ये भाषा मराठी आहे असंही सांगितलं. काही फॉन्ट ते वाचून 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे दाखवतात.

स्टाइल शीट सगळंच करते असं मात्र नाही. २०२३ साली जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. काकांच्या पानांतलं 'उस्मानाबाद' मला मजकुरात जाऊनच बदलावं लागलं. नाव हा अलंकार नव्हे.

तुमची साइट एका पानाची असेल तर नुसतं मार्कअपही चालेल. पान मोठं असो की छोटं, एक परीक्षा जरूर घ्या. स्टाइल शीट काढून पान उघडा. दिसायला साधं, पण नीट वाचता आलं, तर तुम्ही पास. काकांची १८ पानं आता पास झाली आहेत. तेही स्वतः वाचून!