पाणथळ परिसंस्था व विषारी प्रदूषण
पाणथळ परिसंस्था व विषारी प्रदूषण : उथळ पाण्याने वर्षभर वा काही काळ व्यापलेल्या जागेतील पाणी, चिखल, वनस्पती व प्राणी यांच्या परस्परावलंबी समुच्चयास पाणथळ परिसंस्था म्हणतात. अवर्षणप्रवण बीड जिल्ह्यात गोदावरीचा काठ वगळल्यास अशा जागा बहुतांशी मानवनिर्मित आहेत. सिंदफणेवरील माजलगाव, मांजरा नदीवरील धनेगाव व बिंदुसरा हे जलाशय यांत मोडतात.

पाणथळ जागा गाळ अडवून पाणी निवळते. हाच गुण विषारी द्रव्यांच्या बाबतीत घातक ठरतो. कारण जड धातू, कीटकनाशकांचे अवशेष इ. द्रव्ये गाळाबरोबर तेथेच साचतात. उन्हाळ्यात पाणी आटले, की विरघळलेल्या द्रव्यांची संहती वाढते.

या जिल्ह्याच्या संदर्भात दगडी कोळशाची राख विशेष विचारणीय आहे. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. औष्णिक केंद्रांत ती पाण्यात कालवून नळांवाटे तळ्यात सोडण्याची पद्धत रूढ आहे. राख तळाशी बसल्यावर वरचे पाणी स्वच्छ दिसते. ते निर्धोक असतेच असे नाही. भट्टीत बाष्परूप झालेली आर्सेनिक, सिलिनियम यांसारखी मूलद्रव्ये धूर निवताना सूक्ष्म कणांच्या पृष्ठभागावर संघनित होतात आणि नेमके हेच कण सर्वांत उशिरा तळाशी बसतात.

सिलिनियम शैवले, कीटकांच्या अळ्या, मासे व पक्षी अशा क्रमाने अन्नसाखळीत शिरते. प्रौढ मासा धडधाकट दिसतो. परंतु अंड्यातील बलकात उतरलेल्या सिलिनियमामुळे पिले विकृत निपजतात वा मरतात. मेलेले मासे तरंगताना न दिसताही जलाशय निर्मत्स्य होऊ शकतो, तो असा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बेल्यूज सरोवरात १९७४ पासून राख-तळ्याचे पाणी येऊ लागले. सिलिनियमाचे प्रमाण दर लिटरास सु. १० मायक्रोग्रॅम इतके अल्प असूनही माशांच्या २० जातींपैकी १९ नामशेष झाल्या. हे पाणी १९८०–९० या दशकाच्या मध्यास बंद करण्यात आले. तरीही १९९६ मध्ये तेथील पिलांत विकृती आढळल्या, कारण गाळातील साठा कायम होता.

भारतात १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाने जलाशयांत विषारी द्रव्ये सोडण्यास बंदी आहे. मात्र पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१७ च्या नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. बीड जिल्ह्यातील बहुतेक पाणथळ जागा याच वर्गात मोडतात.