शाळेविना लिहिणारे वाय

लिहिता-वाचता येऊ लागलं की माणसाची विचार करण्याची रीतच पालटते, असं विसाव्या शतकातल्या अनेक विद्वानांना वाटत होतं. जॅक गुडी आणि इयन वॉट यांनी १९६३ मध्ये प्राचीन ग्रीकांचा दाखला देऊन तसं मांडलं. त्याआधी १९३१-३२ मध्ये सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना कोडी घालत होते: बर्फाच्या मुलखात सगळी अस्वलं पांढरी असतात, अमुक गाव त्याच मुलखातलं, मग तिथलं अस्वल कोणत्या रंगाचं? निरक्षर शेतकरी म्हणत, आम्ही ते पाहिलेलं नाही, कसं सांगणार? थोडंफार शिकलेले चटकन उत्तर देत. पण हा फरक अक्षरांनी घडवला की शाळेनं? ते वेगळं काढणं अवघड होतं, कारण अक्षरओळख आणि शाळा बहुतेक ठिकाणी जोडीनंच येतात.

ही गाठ सुटू शकेल अशी जागा सिल्विया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना पश्चिम आफ्रिकेत, लायबेरियात सापडली. तिथल्या वाय लोकांची स्वतःची लिपी आहे. १८३०च्या सुमारास मोमोलू दुवालू बुकेले यांनी ती घडवली. स्वप्नात चिन्हं दिसली, असं त्यांनी सांगितल्याचं जर्मन मिशनरी कोएले यांनी १८४९ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. या लिपीत दोनशेच्या वर चिन्हं आहेत आणि एकेक चिन्ह म्हणजे पूर्ण अक्षर. या दोघांनी पाहिलं तेव्हा ती शाळेत शिकवली जात नव्हती. मित्राकडून नाहीतर नातेवाइकाकडून, सवडीनं शिकायची. पत्रं, हिशेब, मयतीला कोणी काय दिलं त्याची यादी, हे तिचे रोजचे उपयोग. इंग्रजी मात्र सरकारी शाळेत आणि अरबी कुराणाच्या पाठशाळेत. तीन लिप्या, तीन वाटा. १९७०च्या दशकातल्या पाहणीत प्रौढ पुरुषांपैकी २८ टक्के यातली एखादी तरी लिपी जाणत होते आणि त्यांत वाय लिपीवाले सर्वांत जास्त होते. स्त्रिया या लिखाणापासून बहुतांशी दूरच होत्या, हेही सांगायला हवं.

मग चाचण्या झाल्या. वाय लिपी येणारे तर्काच्या कोड्यांत निरक्षरांपेक्षा सरस ठरले नाहीत. उत्तरामागचं कारण नीट सांगण्यात इंग्रजी शाळेत गेलेले पुढे होते. दर वेळी एक शब्द वाढत जाणारी यादी क्रमानं म्हणून दाखवण्यात कुराण पाठ केलेले सरस. वायवाल्यांचं बळ तिसरीकडेच दिसलं. त्यांच्या लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सूरही दाखवत नाहीत. वाचणारा अक्षरं मोठ्यानं पुन्हा पुन्हा म्हणत अर्थ जुळवतो. म्हणून अक्षरागणिक थांबत ध्वनिमुद्रित केलेलं वाक्य त्यांना इतरांपेक्षा चांगलं उमगलं. शब्दाशब्दानं तोडलेल्या वाक्यात मात्र त्यांची सरशी दिसली नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सोंगट्यांच्या खेळाचा प्रयोग. माणसाला पटावरचा एक नवा खेळ शिकवायचा. मग त्यानं तो दूरच्या, खेळ न पाहिलेल्या माणसाला समजावून सांगायचा. वाय लिहिणारे पट कसा, सोंगट्या कोणत्या हे आधी सांगून मग चाली सांगत. पत्र लिहिणाऱ्याला समोर नसलेल्या माणसाची अडचण ओळखायची सवय असते, ती इथे उपयोगी पडली. १९८१ मध्ये हार्वर्डनं काढलेल्या पुस्तकात दोघांनी निष्कर्ष मांडला: लिपी ज्या कामाला लावाल, त्या कामाचं कसब वाढतं, नुसत्या अक्षरओळखीनं बुद्धी सर्वांगानं पालटत नाही. मोठा सिद्धांत हाती येण्याची आशा असताना इतका मोजका निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडणं, ही मला त्या संशोधनाची थोरवी वाटते.

आपल्याकडे या निष्कर्षाचं महत्त्व किती आहे ते पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात दिसतं. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१६ या काळात तिथे मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरला कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. वर्गातलं लिहिणं बहुतांशी फळ्यावरून उतरवण्याचं होतं. मनातलं लिहायला वाव अगदी थोडा. ज्या कामाला लावाल त्याचंच कसब वाढत असेल, तर उतरवून फक्त उतरवणंच येणार. म्हणून बाराखडी पाठ झाल्याशिवाय मुलानं स्वतःचं वाक्य लिहू नये, हा आग्रह आता सोडायलाच हवा.

या सुट्टीत घरातल्या मुलाला शुद्धलेखनाचं पान देऊ नका. अंगणातला किल्ला कसा बांधला ते परगावच्या आत्याला पत्रानं कळवायला सांगा. तिनं किल्ला पाहिलेला नाही, एवढं फक्त लिहिण्याआधी त्याच्या ध्यानात आणून द्या.